शरीरात विरघळणारे स्क्रू, टाके, स्टेंट : नक्की विरघळतात का, आणि कधी?

अर्धवट_मी
मंडळी, जरा मदत हवीये. धाकट्या भावाचं गुडघ्याचं एसीएल, म्हणजे आतून हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट, फाटलंय, ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणाले की नवीन लिगामेंट हाडातल्या बोगद्यात घट्ट बसवायला स्क्रू लागतो, तो एकतर टायटॅनियमचा घालता येतो नाहीतर बायोकंपोझिटचा, म्हणजे काही वर्षांत आपोआप विरघळून जाणारा, तुम्ही विचार करून सांगा. आता आम्ही काय कप्पाळ सांगणार? घरात दोन तट पडलेत. आई म्हणते शरीरात लोखंड नको, बाबा म्हणतात प्लास्टिक नको. मला पडलेले प्रश्न : हे खरंच विरघळतं का? विरघळून जातं कुठे? आणि इतकं चांगलं असेल तर सगळंच असलं का नाही बनवत, धातू अजून का वापरतात? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

उगाच
आमच्या भावाचे सगळे स्क्रू जन्मतःच विरघळलेले आहेत, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे उद्भवला नाही.

टाकेवाली
उगाच, तुम्ही आलात का लगेच!
अर्धवट_मी, घाबरू नका, ही काही कालची गोष्ट नाही. मी ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, सिस्टर आहे, आमच्या हातातून रोज विरघळणारे धागे जातात. पूर्वी कॅटगट असायचं, मेंढीच्या नाहीतर गाईगुरांच्या आतड्यापासून केलेलं, अल्कोहोलमध्ये भिजवून पाकिटात यायचं, उघडलं की एक ठराविक वास. ते शरीरातले एन्झाइम पचवायचे, त्यामुळे एकाचं चार दिवसांत सैल तर दुसऱ्याचं बरेच दिवस घट्ट, भरवसा नाही. मग सिंथेटिक आले. व्हायक्रिल तर आता सगळ्यांना माहितीये, जांभळा, विणलेला, मऊ, गाठ छान बसते. पीडीएस एकच सलग तार असते, पाकिटातून काढलं तरी वेटोळं सोडत नाही, गाठ मारली की उलगडायला बघते म्हणून सर्जन दोन वेढे जास्तीचे घेतात. पण पोटाचा पडदा शिवायचा तर पीडीएसच मागतात कारण ते जास्त आठवडे ताण धरतं.
आणि एक, ही पाकिटं फॉइलची असतात आणि एकदा उघडलं की वापरा नाहीतर टाका. दमट हवा लागली की धागा पाकिटाबाहेरच खराब व्हायला सुरुवात होते.

रेणूसूत्र
टाकेवालीताईंनी शेवटी जे सांगितलं ना, दमट हवेचं, त्यातच सगळी गोम आहे. मी पॉलिमरमधला माणूस, इम्प्लांटच्या कच्च्या मालावर काम केलंय, थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे सरका.

हे सगळे पॉलिएस्टर आहेत. लॅक्टिक अॅसिडची लांब साखळी म्हणजे पीएलए, ग्लायकोलिक अॅसिडची म्हणजे पीजीए, दोन्ही मिसळून केली की पीएलजीए. साखळीतल्या प्रत्येक जोडाला एस्टर बंध म्हणतात आणि तो पाण्याने तुटतो. बास, एवढंच. पेशी येऊन कुरतडत नाहीत, मुख्य काम पाणीच करतं. कॅटगटसारखी एन्झाइमची लहर नाही, म्हणून माणसामाणसात फरक कमी. लॅक्टिक अॅसिड सुटलं की शरीर ते नेहमीच्या वाटेनेच जाळतं, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. जातं कुठे या प्रश्नाचं उत्तर म्हणजे बहुतेक श्वासावाटे.

गंमत म्हणजे १९३० च्या दशकात नायलॉनवाल्या कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत असले पॉलिएस्टर बनवून झाले होते. पाण्यात टिकत नाहीत म्हणून कापडाच्या धाग्याला ते बिनकामाचे ठरले. तोच दुर्गुण पुढे सर्जनच्या कामी आला. १९७० मध्ये पीजीएचा डेक्सॉन हा पहिला सिंथेटिक विरघळणारा धागा बाजारात आला, १९७४ ला व्हायक्रिल, त्यात ९० भाग ग्लायकोलाइड आणि १० भाग लॅक्टाइड, म्हणजे वरच्याच दोन अॅसिडांची रूपं.

आता महत्त्वाचं. लोक 'किती दिवसांत विरघळतो' विचारतात. विचारायला हवं 'किती दिवस जोर धरतो'. या दोन वेगळ्या तारखा आहेत. व्हायक्रिलचंच घ्या : दोन आठवड्यांनी सुमारे ७५ टक्के ताकद उरते, तीन आठवड्यांनी ५०, चौथ्याला २५ च्या आसपास. पण धागा पूर्ण नाहीसा व्हायला ५६ ते ७० दिवस. म्हणजे महिन्याभराने धागा तिथेच आहे, दिसतोय, पण कामाचा उरलेला नाही. आधी साखळ्या तुटून लहान होतात, मग ताकद जाते, आणि वजन सगळ्यात शेवटी कमी होतं. इम्प्लांट डिझाइन करणं म्हणजे या दोन तारखा पेशींच्या भरून येण्याशी जुळवणं. विरघळवणं सोपं आहे हो, वेळेवर विरघळवणं अवघड आहे.

मनकवडा
वाखुसा (वाचनखूण साठवली). बऱ्याच दिवसांनी कामाचा धागा.

उगाच
मनकवडा, कामाचा धागा फक्त दोन आठवडे, पुढे ७५ टक्के. वरती वाचा की.

तिरकी_रेघ
सगळं छान वाटतंय ऐकायला पण एक शंका. आपण बाटलीतल्या मायक्रोप्लास्टिकच्या नावाने बोंबलतो आणि इकडे प्लास्टिकचा आख्खा स्क्रू हाडात पिळतो. 'पाणी आणि कार्बन डायऑक्साइड' हे जाहिरातीतलं वाक्य झालं. मधल्या काळात काय? तुकडे होत नाहीत? आणि अॅसिड अॅसिडच असतं ना शेवटी?

रेणूसूत्र
तिरकी_रेघ, प्रश्न अगदी रास्त आहे. दोन भाग करतो.

एकूण शरीराच्या हिशेबात काहीच नाही. आपलं शरीर आरामात बसलेलं असताना सुद्धा दिवसाला शंभर ग्रॅमच्या पुढे लॅक्टेट तयार करतं आणि वापरतं. स्क्रू असतो दोनेक ग्रॅमचा, तोही काही वर्षांत हळूहळू सुटणार. बाटलीचं प्लास्टिक तुटतं तेव्हा लहान प्लास्टिकच होतं, इथे साखळीच परत अॅसिडमध्ये उलगडते.

पण त्या जागेपुरतं बोलाल तर तुमचा मुद्दा शंभर टक्के खरा. साबणाची वडी बाहेरून झिजत जाते, हे तसं झिजत नाही. पाणी आतपर्यंत शिरतं आणि सगळीकडे एकदम तुटायला लागतं. बाहेरच्या थरातलं अॅसिड रक्तात वाहून जातं, आतलं अडकून बसतं, आणि अॅसिड स्वतःच तुटण्याचा वेग वाढवतं. म्हणून जाड तुकडा कधीकधी आतून आधी पोकळ होतो आणि वरचं कवच शाबूत दिसतं. मग एक दिवस कवच फुटतं आणि आतलं सगळं एकदम बाहेर. जाड इम्प्लांट पातळपेक्षा लवकर तुटू शकतं हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटत नाही.

हाडांचा_हिशेबी
मी ऑर्थोपेडिक सर्जन. इतका वेळ रोमात (नुसता वाचत) होतो पण आता राहवत नाही, कारण रेणूसूत्र यांनी फक्त 'एक दिवस कवच फुटतं' म्हणून सोडून दिलं, त्याचे पेशंट आम्ही बघतो.

१९८४ च्या सुमारास फिनलंडमध्ये हेलसिंकीला रोक्कानेन आणि सहकाऱ्यांनी घोट्याच्या फ्रॅक्चरला पीजीएच्या कांड्या घालायला सुरुवात केली. सुरुवातीचे निकाल उत्तम, परत ऑपरेशन करून धातू काढायची कटकट नाही. मग अडीच-तीन महिन्यांनी काही पेशंट घोट्यावर लाल फुगवटा घेऊन यायला लागले, फुटून पाणी वाहायचं, तपासलं तर जंतू शून्य. इन्फेक्शन नव्हतंच, कांडी विरघळण्याच्या वेगाला आजूबाजूचे टिश्यू पुरे पडत नव्हते. तिथल्याच बोस्टमन आणि सहकाऱ्याने २००० साली आकडे छापले : पीजीए घातलेल्या २०३७ जणांपैकी १०७ जणांना अशी रिअॅक्शन, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर. पीएलएलए (पीएलएचाच एक प्रकार) घातलेल्या ४९१ जणांत फक्त एक.

म्हटलं चला, पीएलएलए हळू विरघळतं तर सुटलो. तर नेदरलंडमध्ये गालाच्या हाडाला पीएलएलएच्या प्लेटा लावलेल्या पेशंटचा पेपर १९९३ ला आला. तीनेक वर्षं सगळं मस्त, आणि मग गाल सुजलेला. पीएलएलए अर्धंमुर्धं स्फटिकासारखं रचलेलं असतं, मधला मोकळा भाग आधी विरघळतो आणि कडक स्फटिकाचे कण मागे राहतात, पेशी त्यांच्याभोवती गर्दी करतात. म्हणजे तिरकी_रेघ यांनी विचारलेले तुकडे झाले की नाही? झाले. कायमचे नाहीत पण वर्षानुवर्षं राहतात.

त्यामुळे माझं मत : धातूला नावं ठेवू नका. टायटॅनियम कंटाळवाणं आहे आणि कंटाळवाणं असणं ही इम्प्लांटची सगळ्यात मोठी लायकी आहे.

रेणूसूत्र
डॉक्टर, सगळं मान्य, पण तुम्ही १९८४ आणि १९९३ वर थांबलात. कांड्या तेव्हा शुद्ध पीजीएच्या, काहींत रंग मिसळलेला. आता शुद्ध पीएलएलए सुद्धा कमी वापरतात. लॅक्टिक अॅसिडची डावी-उजवी अशी दोन रूपं असतात, ती मिसळली की साखळ्या नीट रचल्या जात नाहीत, स्फटिक बनत नाही, आणि पाच वर्षांऐवजी साधारण वर्ष-दीड वर्षात काम आटोपतं. शिवाय बायोकंपोझिट म्हणजे त्यात पाव हिस्सा किंवा थोडं जास्त कॅल्शियम फॉस्फेट घातलेलं असतं, ते सुटणारं अॅसिड बऱ्यापैकी मारतं आणि हाडाला आत वाढायला आधार होतो. १९८४ च्या कांडीची शिक्षा आजच्या स्क्रूला नको.

हाडांचा_हिशेबी
शिक्षा नाही हो, जामीन नाकारतोय फक्त. 'हाड आत वाढतं' हे ब्रोशरमध्ये जितकं ठसठशीत दिसतं तितकं एमआरआयमध्ये दिसत नाही. काही वर्षांनी बघितलं तर बऱ्याचदा तिथे हाडाऐवजी फायब्रस टिश्यू, म्हणजे व्रणासारखा तंतूंचा भाग, असतो, बोगदा रुंदावलेला असतो, हाड काठाकाठाने.

श्यामला_८१
मी पेशंट म्हणून लिहिते. माझंही एसीएलच, विरघळणारा स्क्रू. पहिली दोन वर्षं काही म्हणजे काही नाही, जिने चढत होते, सगळं करत होते. मग नडगीच्या वरच्या बाजूला, जिथे खालचा छेद होता तिथेच, एक गाठ आली, लिंबाहून लहान, दाबली की मऊ. पहिल्या ठिकाणी सांगितलं इन्फेक्शन, अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्स, गाठ तशीच. पाणी काढून तपासलं, जंतू नाहीत. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी उघडलं तर आत पांढरा खडूच्या चिखलासारखा मऊ गाळ आणि स्क्रूच्या टोकाचा एक तुकडा निघाला. साफ केलं आणि संपलं, लिगामेंट धक्कासुद्धा न लागता शाबूत.
मला स्क्रूचा राग नाही. राग याचा की दोन वर्षांनी असं होऊ शकतं हे ऑपरेशनच्या वेळी एका वाक्यानेसुद्धा कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी महिनोन्महिने नको ती औषधं खाल्ली.

अर्धवट_मी
बापरे श्यामलाताई. हे आईला वाचून दाखवलं तर ती आता लोखंडाच्या बाजूने जाईल.

हाडांचा_हिशेबी
श्यामलाताई, तुमचा अनुभव पुस्तकात आहे तसाच आहे. ज्यांनी घातलाय त्यांनी हे लक्षात ठेवा : महिन्यांनी-वर्षांनी त्याच जागी फुगवटा आणि ताप नाही, रक्ताचे रिपोर्ट ठीक, तर 'विरघळणारा स्क्रू घातलाय' हे डॉक्टरांना आपणहून सांगा. एक्सरेत ते दिसत नाही, जुने कागद कोणी मागत नाही, आणि मग निदान चुकतं.

ठोकाताल
स्टेंटचा विषय अजून कोणी काढला नाही? मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात तिथे, टेक्निशियन आहे, या क्षेत्रातला सगळ्यात मोठा फुगा आमच्याकडे फुगला आणि आमच्याकडेच फुटला.

कल्पना काय सुंदर होती बघा. हृदयाच्या मोकळ्या केलेल्या रक्तवाहिनीला स्टेंटच्या जाळीच्या आधाराची गरज फक्त पहिले सहा-आठ महिने. नंतर धातूची जाळी जन्मभर तिथेच, वाहिनी आखडायला-पसरायला मोकळी नाही. मग पीएलएलएची जाळी घाला, एव्हरोलिमस औषध लावा, तीन वर्षांत नाहीशी. अॅबट कंपनीचा अॅब्सॉर्ब. २०१६ च्या जुलैत अमेरिकेत एफडीएची (तिथल्या औषध-उपकरण नियामकाची) परवानगी, कॉन्फरन्समध्ये लोक उभे राहून ऐकत होते. सप्टेंबर २०१७ ला कंपनीने विक्री बंद केली. चौदा महिने.

का? पीएलएलएची ताठरता ३ गिगापास्कलच्या आसपास, स्टेंटमधला कोबाल्ट-क्रोमियम दोनशेच्या वर. तेवढाच आधार द्यायचा तर जाळीच्या काड्या जाड हव्यात. धातूच्या स्टेंटची काडी ८१ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), याची दीडशेच्या पुढे. जाड आणि चौकोनी काडी रक्ताच्या प्रवाहात आली की मागे भोवरे, गुठळी व्हायला जागा. अॅब्सॉर्ब-३ या २००८ पेशंटच्या चाचणीत तीन वर्षांनी स्टेंटमध्ये गुठळी २.३ टक्के, धातूच्या बाजूला ०.७. आकडे छोटे दिसतात पण स्टेंटमध्ये गुठळी म्हणजे थेट हार्ट अटॅक.

आणि ज्या काड्या भिंतीत नीट रुतल्या नाहीत त्या विरघळताना मधेच सुटून प्रवाहात लोंबकळायच्या. म्हणजे विरघळणं हाच फायदा आणि तीच वेळ धोक्याची. टाकतानाही नखरे. धातूचा स्टेंट फुगा जरा जास्त फुगवून बसवता येतो, हा ठराविक मापाच्या पुढे ताणला की काडी तुटणार. आधी वाहिनी नीट मोकळी करा, माप अचूक घ्या, नंतर परत फुगवा, एवढं सगळं करायचं, आणि बऱ्याच ठिकाणी घाईत ते व्हायचं नाही.

तिरकी_रेघ
म्हणजे माझी शंका खरी. परवानगी मिळून सुद्धा चौदा महिने.

ठोकाताल
थांबा, गोष्ट तिथे संपत नाही. त्याच पेशंटना पाच वर्षांपर्यंत बघितलं तर तीन वर्षांनंतर दोन्ही गटांतला धोका सारखा झाला. म्हणजे जाळी गेल्यावर जास्तीचा धोकाही गेला. कल्पना मुळात खोटी नव्हती, पहिली तीन वर्षं निभावणारं मटेरियल नव्हतं. आणि आता तीच कंपनी गुडघ्याखालच्या बारीक रक्तवाहिन्यांसाठी पातळ काड्यांचा, साधारण ९९ मायक्रॉनचा, विरघळणारा स्टेंट घेऊन आली, एप्रिल २०२४ ला एफडीएने मंजूर केला. २६१ पेशंटची चाचणी होती, वर्षाअखेर पाय वाचून वाहिनीही उघडी वगैरे धरून यश ७४ टक्के, नुसत्या फुग्याच्या अँजिओप्लास्टीला ४४. फरक कुठे? हृदयात त्याची स्पर्धा उत्तम धातूच्या स्टेंटशी होती. पायात समोर नुसता फुगाच होता, कारण तिथल्या लहान वाहिन्यांत धातू कायमचा ठेवायला लोक नाखूश.

रेणूसूत्र
ठोकाताल, जबरदस्त. 'कोणाच्या तुलनेत' हा प्रश्न सगळे विसरतात.

उगाच
अवांतर : माझ्याकडे थ्री-डी प्रिंटर आहे, त्यात पीएलएचंच रीळ लागतं. अर्धवट_मी, माप पाठवा, भावाचा स्क्रू रात्रीत छापून देतो. रंग कुठला हवा?

रेणूसूत्र
उगाच, हसू आलं पण सांगतोच, कारण काही लोक हे खरंच विचारतात. घराणं तेच, पण रिळात रंग, फिलर आणि काय काय मिसळलेलं असतं, उरलेला मोनोमर (साखळीत न जोडलेला सुटा रेणू) आणि कथिलाचा कॅटॅलिस्ट किती राहिलाय कोणी मोजत नाही. इम्प्लांटच्या मालात हे सगळं मोजून दाखवावं लागतं. आणि समजा शुद्ध मिळालं तरी निर्जंतुक कसं करणार? ऑटोक्लेव्ह म्हणजे १२१ अंशाची वाफ, म्हणजे या पॉलिमरचे दोन्ही शत्रू एकत्र, पाणी आणि उष्णता. साठ अंशाच्या आसपासच पीएलए मऊ पडतं. गॅमा किरण मारले तर साखळ्या तुटतात, म्हणजे स्क्रू शरीरात जायच्या आधीच काही महिने म्हातारा. त्यामुळे बरंचसं इथिलीन ऑक्साइड वायूवर चालतं, आणि तो वायू नंतर पूर्ण निघून गेला हे परत सिद्ध करा. आम्ही कारखान्यात पॉलिमरच्या गोळ्या वितळवायच्या आधी तासन्‌तास सुकवायचो. थोडा जरी ओलावा राहिला तर मशिनच्या आतच साखळ्या तुटायच्या, बाहेर आलेला तुकडा दिसायला अगदी एक नंबर, पण व्हिस्कॉसिटी (द्रावणाचा दाटपणा) तपासली की लॉट बाद.

मनकवडा
रोज नवीन नवीन शब्द कळतायत. एक विचारू का, याचा शोध कोणी लावला पण? इम्प्लांटसाठी म्हणतोय.

रेणूसूत्र
एक नाव घेता येणार नाही, पण हे ऐकून तुमची कॉलर ताठ होईल. पीएलए शरीरात इम्प्लांट म्हणून वापरायचा सुरुवातीचा जो पेपर आजही सगळे उद्धृत करतात तो १९६६ चा, अमेरिकी सैन्याच्या वॉल्टर रीड इथल्या प्रयोगशाळेतला, आणि पहिल्या लेखकाचं आडनाव कुलकर्णी.

उगाच
जमाखर्च कुलकर्ण्यांकडेच असणार. किती घातलं, किती विरघळलं, बाकी किती.

टाकेवाली
😂😂 उगाच, आज पहिल्यांदा बरं बोललात.

प्राजक्ता_आई
मी सहसा लिहीत नाही पण इथे धातूच्या बाजूने जरा जास्तच झुकतंय म्हणून. माझ्या लेकाच्या कवटीचे सांधे जन्मतःच लवकर जुळलेले होते, वर्षाचा व्हायच्या आत ऑपरेशन. हाडाचे तुकडे सुटे करून नव्याने मांडतात आणि छोट्या प्लेटांनी जोडतात. सर्जननी सांगितलं की मोठ्या माणसाला टायटॅनियम चाललं असतं, पण लहान मुलाची कवटी वाढताना बाहेरून नवीन हाड चढत जातं आणि आतून झिजत जातं, त्यामुळे बाहेरून लावलेली धातूची प्लेट काही वर्षांत हळूहळू आतल्या बाजूला सरकते. म्हणून लॅक्टिक-ग्लायकोलिकच्या प्लेटा. मला नंतर नमुन्याची एक हातात दिली होती, नखाएवढी, भोकं असलेली पट्टी, गरम केली की वाकते, कवटीच्या गोलाईवर बसवायची, गार झाली की कडक.
सातव्या-आठव्या महिन्यात कपाळाच्या कडेला दोन टेंगळं हाताला लागायला लागली, माझी झोप उडाली. सर्जन म्हणाले प्लेट विरघळताना पाणी धरून फुगते, थांबा. थांबलो. वर्ष-सव्वा वर्षात गेली. तर श्यामलाताईंचं दुखणं खरंच आहे, पण आमच्याकडे दुसरा पर्याय जास्त वाईट होता.

हाडांचा_हिशेबी
प्राजक्ताताई, इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूने. वाढतं हाड असेल तर माझा धातूचा हट्ट मी खाली ठेवतो.

रेणूसूत्र
लहान मुलांवरून अजून एक. मिशिगन विद्यापीठात २०१२ मध्ये एका बाळाची श्वासनलिका सारखी मिटायची, त्यासाठी पॉलिकॅप्रोलॅक्टोन या विरघळणाऱ्या पॉलिमरची खोबण थ्री-डी प्रिंट करून बाहेरून नळीला शिवली, २०१३ ला न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलं. हे मटेरियल मुद्दाम निवडलं कारण ते दोन-तीन वर्षं सावकाश टिकतं, आणि तेवढ्यात नळी आपल्या बळावर उभी राहण्याइतकी मोठी होते. तुमच्या रिळाला अगदीच वाव नाही असं नाही, उगाच.

ठोकाताल
आणि जिथे आधार द्यायचाच नाही, फक्त औषध सोडायचंय, तिथे तर हे पॉलिमर कधीच जिंकलेत. प्रोस्टेट कॅन्सरची महिन्याला एकदा घ्यायची ल्युप्रोलाइडची इंजेक्शनं १९८९ पासून आहेत, पीएलजीएचे बारीक कण, त्यातून औषध हळूहळू सुटतं. तिथे ताकद गेली तरी कोणाचं काही अडत नाही. मेंदूतल्या ट्यूमरच्या पोकळीत ठेवायची ग्लियाडेलची चकती १९९६ ची, ती पॉलिअनहायड्राइडची, आणि ती मात्र बाहेरूनच झिजते, औषध एका चालीने सुटावं म्हणून रसायनच तसं निवडलं.

तिरकी_रेघ
बरं, पटायला लागलंय. म्हणजे वजन पेलायचं काम जितकं कमी तितकं हे मटेरियल बरं?

हाडांचा_हिशेबी
बऱ्यापैकी. कंबरेचं, मांडीचं हाड यासाठी तुम्हाला कोणी पॉलिमरची प्लेट सुचवणार नाही. एसीएलचा स्क्रू मधल्या गटात येतो. हाडावरचं वजन तो घेत नाही, कलम, म्हणजे बसवलेलं नवीन लिगामेंट, हाडाला चिकटेपर्यंतचे दोन-तीन महिने ते दाबून धरायचं, एवढंच.

अर्धवट_मी, आता तुमच्याकडे येतो, बिचाऱ्या वाट बघून थकल्या असतील. २०१६ चा कॉक्रेनचा (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा) आढावा आहे बरोबर याच प्रश्नावर. गुडघा कसा चालतो यात धातू आणि विरघळणारा यांच्यात फरक सापडला नाही. अडचणी, त्यात ऑपरेशन करतानाच स्क्रू तुटणंही आलं, विरघळणाऱ्याकडे जास्त, पण पुरावा फार भक्कम नाही असं त्यांनीच म्हटलंय. तुटण्याचं कारण सरळ आहे, पीएलएलए ठिसूळ. म्हणून स्क्रूड्रायव्हर स्क्रूच्या पोटात टोकापर्यंत जातो आणि हाड कडक असेल तर आधी आटे पाडून घ्यावे लागतात. तरुण खेळाडूचं हाड असतंच कडक. पिळताना बारीकसा 'कट' असा आवाज आला की ओटीत सगळे गप्प.

विरघळणाऱ्याच्या बाजूने : एमआरआय स्वच्छ येतो, धातूच्या आसपास चित्र बिघडतं. परत लिगामेंट तुटलं आणि दुसरं ऑपरेशन करायची वेळ आली तर त्यातून ड्रिल मारता येतं, धातू आधी शोधून काढावा लागतो. आणि धातूच्या आट्यांनी कलम कापलं जायची भीती असते, इथे कमी. भाऊ खेळणारा असेल तर या गोष्टींना वजन आहे.

अर्धवट_मी
डॉक्टर खूप खूप आभार. काल सर्जनना भेटून आलो आणि इथले प्रश्न तसेच्या तसे विचारले. कुठल्या पॉलिमरचा, ताकद किती महिने, नंतर गाठ आली तर काय करायचं. ते जरा चमकलेच, म्हणाले तुम्ही मेडिकलच्या का? मग नीट बसून बोलले. ते बायोकंपोझिटच जास्त वापरतात आणि आटे पाडूनच घालतात म्हणाले. त्यांनी तिसराच एक पर्याय पण काढला, पीक (PEEK) नावाचा. तोही प्लास्टिकच म्हणे पण विरघळत नाही. त्याचं काय?

रेणूसूत्र
पीक वेगळ्या जातीचं. पाण्याला दाद देत नाही, जसंच्या तसं राहतं. एमआरआय स्वच्छ, ठिसूळपणा कमी, गाळ-बिळाची भानगड नाही. पण कायमचं, आणि हाड त्याला फारसं चिकटत नाही.

अर्धवट_मी
मग बायोकंपोझिटच ठरवतोय. सर्जनचा हात ज्यावर बसलाय ते बरं, असं भाऊच म्हणाला, आणि गुडघा त्याचा आहे. एक शेवटचं विचारते, एक्सरेत दिसत नाही म्हणालात, मग तो जागेवर आहे की सरकलाय हे नंतर कळणार कसं?

हाडांचा_हिशेबी
स्क्रू दिसत नाही पण बोगदा दिसतो, त्याच्या कडा दिसतात. बायोकंपोझिटमध्ये कॅल्शियम असल्यामुळे सुरुवातीला पुसट सावलीही येते कधीकधी. वरच्या टोकाला कलम अडकवायला धातूचं बटण वापरलं असेल तर ते ठळक दिसतं. बाकी शंका आलीच तर एमआरआय. डिस्चार्जच्या कागदावर स्क्रूचा स्टिकर चिकटवून घ्या, मटेरियल, माप, लॉट नंबर सगळं त्यावर असतं, आणि त्याचा एक फोटो फोनमध्ये ठेवा.

ठोकाताल
स्टेंटवाल्यांनी यावर तोड काढली होती, जाळीच्या दोन्ही टोकांना प्लॅटिनमचे बारीक ठिपके. जाळी तीन वर्षांत गेली तरी ठिपके राहतात. आजही कधीकधी अँजिओग्राफीच्या पडद्यावर दोन टोकांना ठिपके आणि मधे काहीच नाही असं दिसतं, नवीन पोरं विचारतात सर हे काय आहे.